छकुलीच्या शाळेबद्दल

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये तुम्ही गावी राहायला येताय आणि छकुलीसाठी साताऱ्याची इंग्रजी शाळा बघून ठेवलीय, असं सूनबाई फोनवर म्हणाली. पैसे भरण्याआधी आपली जिल्हा परिषदेची शाळा आज कशी आहे ते वाच. तू शिकलास तीच ही शाळा, पण शिकवायची रीत पार बदलली आहे.

परवा मी दुसरीच्या वर्गात जाऊन बसले. बाईंनी एका मुलीला बेचाळीसमधून सतरा वजा करायला दिले. तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायला सुट्या पुरेनात, तेव्हा तिने आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं, बारातून सात बाजूला केल्या आणि मग एक गठ्ठा उचलला. राहिल्या पंचवीस. उसना दशक कशाला घ्यायचा हे तिला हाताने कळलं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांच्या गटाने, ही ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकायची, वाट धरली आणि राज्यभरातले शिक्षक ती बघायला आले. याचा मला फार अभिमान वाटतो.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं आणि साधे हिशेब जमावेत, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट 2021 मध्ये ठरलं. माझ्या मते प्राथमिक शाळेकडून मागायचं ते एवढंच, आणि ते मोठं आहे. ज्या भाषेत छकुली आजीशी भांडते त्याच भाषेत ती पहिलं वाचायला शिकली, तर समजणं आणि वाचणं एकत्र होईल. इंग्रजी सुटतं असं नाही, 2000 सालापासून मराठी शाळांत ते पहिलीपासूनच आहे.

फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारी गरम जेवण, हे तुला ठाऊकच आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. साठपर्यंत पट असला की कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, आणि आपल्याकडे वर्ग चार. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काम लावून द्यावं लागतं. मुलं गटात एकमेकांना शिकवतात म्हणून निभतं, पण बाई-गुरुजींची ओढाताण होते. शिकलेल्या घरांतली मुलं बाहेरगावी जाऊ लागली तर पट आणखी उतरेल. म्हणून तर मी एवढं लिहितेय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. सूनबाई हिशेबाला पक्की आहे, तिने त्यात यावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलीला सहा वर्षं पूर्ण झालेली मुलं चालतात, तेव्हा जन्माचा दाखला आणि आधार कार्ड जवळ ठेव. शाळापूर्व तयारीचा मेळावा भरेल तेव्हा कळवते, छकुलीला घेऊन ये. तू स्वतः दोन तास वर्गात बस आणि मग ठरव.

तुझी,
आई