रजिस्टरमध्ये सगळे सहाला सुटतात

घाटंजी, जि. यवतमाळ
दि. ७ डिसेंबर २०२५

प्रिय प्रवीण,

सप्रेम जय भीम.

फोन करता आला असता, पण ही गोष्ट फोनवर सांगायला घेतली की तू अर्ध्यातच ‘सोडून दे’ म्हणशील आणि मग आपले भांडण होईल. म्हणून लिहून पाठवतो आहे. पूर्ण वाच आणि मगच बोल. घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे थंडीमुळे दुखतात, बाबांची शुगर गोळ्यांवर आटोक्यात आहे.

मंगेशच्या अपघाताची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच, पण त्यानंतर काय चालले आहे ते तुला कोणी सांगितले नसेल. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पारवा गावच्या रूटवरून पार्सले वाटून हबला, म्हणजे आपल्या पार्सल केंद्रावर, परत येताना रात्री नऊच्या सुमारास त्याच्या गाडीला रोही (नीलगाय) आडवा गेला. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आत सळई टाकली आहे, आणि पाच-सहा महिने तरी गाडी चालवायची नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याच्या पगारातून ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, पाऊण टक्का दर महिन्याला कापला जात होता, आणि कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, हे तुला माहीत आहे. मात्र आता ठेकेदार आणि कंपनी दोघेही म्हणतात की अपघाताच्या वेळी मंगेश कामावर नव्हता. हजेरीच्या रजिस्टरमध्ये त्याची सुटण्याची वेळ सायंकाळी सहा अशी लिहिलेली आहे.

ते सहा कसे लिहिले जातात, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ओटीची, म्हणजे जादा तासांची, वही बंद झाली तेव्हा तू इथेच होतास. फरक एवढाच की तेव्हा क्लार्क निदान संध्याकाळपर्यंत थांबून रजिस्टर भरत असे. आता जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढे सहा लिहून तो मोकळा होतो, म्हणजे मुले रस्त्यावर असतानाच कागदावर घरी पोचलेली असतात. सकाळी सहाला बोलावतात. नागपूरची गाडी कधी सातला येते, कधी साडेनऊला. तोपर्यंत मुले शटरसमोर बसून राहतात, आणि हजेरी मात्र पहिले पार्सल स्कॅन झाल्यापासून धरली जाते. संध्याकाळी रनशीट, म्हणजे दिवसाच्या पार्सलांची यादी, रिकामी झाल्याशिवाय परतायचे नाही, परतल्यावर सीओडीची, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेली, कॅश मोजून द्यायची, रिटर्नची पोती बांधायची, आणि ह्या कोणत्याही कामाचा तास कुठेच चढत नाही. कोणी विचारलेच, तर ‘पार्सलमागे इन्सेंटिव्ह मिळतो ना?’ असे उत्तर ठरलेले आहे.

तू गेल्यानंतर जे खरे बिघडले ते रोस्टर. तुझ्या वेळी ते शनिवारी भिंतीवर लागत होते, आणि त्यावर आपण कितीही चरफडलो तरी पुढचा आठवडा आपल्याला दिसत होता. आता ते रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सॲपवर येते, तेही दुसऱ्या दिवसापुरते. उद्या आपल्याला सुट्टी आहे की नाही, हे माणसाला झोपताना कळते, कधीकधी झोप लागल्यावर कळते. जास्त तास काम करून शरीर थकते, ते एखाद्या रविवारी झोपून भरून निघते. पण पुढचा दिवसच आपल्या हातात नसला की बायकोला दवाखान्यात कधी न्यायचे, बँकेत कधी जायचे, मजूर कोणत्या दिवशी सांगायचे, ह्यातले काहीच ठरवता येत नाही. कोणी तक्रार केली की त्याला पारव्याचा रूट मिळतो. दिवसभराचे पेट्रोल जाते आणि पार्सले शहरातल्या रूटच्या निम्मीही नसतात; पैसे पार्सलमागे असल्यामुळे ही शिक्षा कोणाला दिसत नाही आणि बोलणाऱ्याचा खिसा मात्र रिकामा होतो.

मंगेशने सप्टेंबरमध्येच ह्या पद्धतीबद्दल ग्रुपवर विचारले होते. तेव्हापासून पारवा त्याच्याकडे होता.

त्या गुरुवारी त्याचा वीक ऑफ होता. सोयाबीन सवंगून गंजी लावून ठेवलेली होती, थ्रेशरवाल्याला सांगून झाले होते, चार माणसे ठरवली होती. बुधवारी रात्री अकराच्या आसपास मेसेज आला: सेल सुरू आहे, उद्याचे सर्वांचे वीक ऑफ रद्द, कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) नंतर मिळेल. आपल्याकडे सोयाबीनची मळणी आणि कंपन्यांचे मोठे सेल दरवर्षी एकाच पंधरवड्यात येतात. हे नागपूरला किंवा बेंगळुरूला बसलेल्या माणसाला ठाऊक नसेल, पण घाटंजीच्या हबवर काम करणारे जवळजवळ प्रत्येक पोर शेतकऱ्याच्या घरचे आहे, हे इथल्या मॅनेजरला तरी दिसायला हवे होते. मंगेश कामावर आला. थ्रेशरवाला दुसऱ्याच्या शेतात गेला. पुढे मंगेश सावंगीला पडून असताना पाऊस आला आणि गंजी आतपर्यंत भिजली. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, आणि मंगेशच्या बाबांनी वाळवून बाजारात नेलेला काळा पडलेला माल व्यापाऱ्याने मुठीत घेऊन परत पोत्यात टाकला.

मागच्या आठवड्यात काकाजी स्वतः हबवर आले होते. पायातल्या चपला बाहेर काढून आत आले, ते पाहूनच मला कसेतरी झाले. मॅनेजरने त्यांच्यापुढे रजिस्टर उघडून सहावर बोट ठेवले. काकाजींनी ते नीट वाचले आणि म्हणाले, “साहेब, माया पोरगा सहाले सुटला असता, त सातले घरी आला असता ना. नऊ वाजता थो त्या रस्त्यावर काय करत होता?” मॅनेजर काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही, कारण माझ्या समोरच्या ड्रॉवरमध्ये तेव्हा तो कागद होता ज्यासाठी हे सगळे लिहितो आहे.

तो टाइप केलेला जबाब आहे. ‘हब सायंकाळी सहा वाजता बंद झाले असून त्यानंतर सदर कर्मचारी स्वतःच्या खासगी कामाने बाहेर होता’ असे त्यात लिहिले आहे, आणि खाली शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझे नाव आहे. सही तेवढी राहिली आहे. ती केली तर जानेवारीपासून मला ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या पगारावर घेऊ, असे मॅनेजर म्हणाला. न केली तर काय, हे तो बोलला नाही. तुझा आयडी कसा एका सकाळी उघडेनासा झाला, ते मी पाहिलेले आहे.

मॅनेजर मनाने वाईट आहे असे मी म्हणणार नाही, आणि इथे तुझे-माझे जमणार नाही हेही मला ठाऊक आहे. तो मूर्तिजापूरकडचा आहे, बायको-मूल तिकडे आहेत, आणि रात्री अकराला टेबलावरच डबा उघडतो. त्याला वरून दोन आकडे दिलेले आहेत: पेंडिंग शून्य पाहिजे आणि ओटीचा खर्चही शून्य पाहिजे. ही दोन्ही शून्ये एकाच दिवशी रस्त्यावर जमत नाहीत, म्हणून ती रजिस्टरमध्ये जमवली जातात. पण त्याच्यावर दडपण आहे हे समजून घेणे वेगळे आणि त्याच्या कागदावर सही करणे वेगळे. सही मी करणार नाही. हे ठरले आहे, तेव्हा त्यावर तू काही बोलू नकोस. माझी चिंता पुढची आहे: माझ्या सहीवाचूनही ते रजिस्टर पुढे करतील, आणि रजिस्टर खोटे आहे हे दाखवायला मंगेशजवळ काय आहे?

थोडे आहे. त्या दिवशीचे त्याचे शेवटचे पार्सल पारव्याच्या पलीकडच्या शाळेतल्या एका मॅडमचे होते, मिक्सरचे भांडे. मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी मोबाइलमध्ये बोट वर सरकवत सरकवत ऑक्टोबरपर्यंत नेले आणि ओटीपीचा मेसेज दाखवला: रात्री ८ वाजून २२ मिनिटे. न मागता त्यांनी त्याचा फोटो मला पाठवला. “त्या पोराले मी चहा पी म्हटलं, त म्हणे मॅडम उशीर होते, कॅश जमा करा लागते,” असे त्या म्हणाल्या. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. अपघाताच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात मंगेशच्या पायाला फळी बांधत होते, तेव्हा हबवरून माणूस येऊन त्याच्या बॅगेतली सीओडीची रक्कम मोजून घेऊन गेला, आणि काकाजींनी त्याच्याकडून चिठ्ठीवर सही करून घेतली होती. मंगेश सहाला सुटलेला होता, तर नऊ वाजता त्याच्या बॅगेत कंपनीची कॅश कशी होती? मॅनेजर म्हणतो की ॲप कंपनीचे आहे आणि रजिस्टर ठेकेदाराचे, त्यामुळे एकाची वेळ दुसऱ्याला लागू होत नाही. पोरगा एकच, पाय एकच, आणि मालक मात्र दोन.

काल सहा डिसेंबर. विहारात अभिवादन झाल्यावर आपल्या गुरुजींनी सांगितले की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. मी मागे बसून ऐकत होतो आणि मनात हबचा हिशेब चालला होता. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींना गाठून सगळे सांगितले. त्यांनी मला दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा काढून दाखवला. जादा तासाला दुप्पट दर, आठवड्यातून एक सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी बोलावले तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत, असे त्यात स्पष्ट आहे. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊ तास दहा करायला आणि तीन महिन्यांतल्या ओटीची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच राहिले. वीस माणसांखालच्या दुकानांना त्यातून वगळले आहे. आपल्या हबवर वीसच्या वर माणसे आहेत. आणि २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचे आहे. आपल्यापैकी कोणाजवळ ते आहे? मंगेशची बदली सुट्टी परवा संपते, आणि तो खाटेवर आहे.

ईएसआयच्या कायद्यात २०१० पासून असेही आहे की कामावरून घरी जाताना अपघात झाला, तरी वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच धरायचा. मंगेश तर घरीही चालला नव्हता, हबलाच येत होता. पण संबंध जुळवायचा तो वेळेवरून, आणि वेळ तर त्यांनीच दुपारी लिहून ठेवलेली. आपण इतकी वर्षे ओटीच्या पैशांसाठी भांडत होतो, प्रवीण. त्या खोट्या सहामागे पैशांहून मोठे काही जाते, हे मला मंगेशच्या खाटेजवळ बसल्यावर कळले. त्या तीन तासांत तो कोणाचाच नव्हता.

आता तुझ्याकडचे काम. ओटीची वही बंद झाली त्या दिवसापासून तू कृषी केंद्राच्या डायरीत सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत होतास. ती डायरी मला पाहिजे. तुझे अक्षर पाहून कामगार अधिकाऱ्यांना ती औषधाची चिठ्ठी वाटेल हे खरे आहे, तरी मी शेजारी बसून वाचून दाखवीन. त्याच तारखांना रजिस्टरमध्ये सगळे सहाला सुटलेले आहेत, आणि तुझ्या डायरीत मंगेशपुढे साडेआठ, नऊ, सव्वानऊ आहे. हा एका दिवसाचा घोळ नसून रोजची रीत आहे, हे त्यावरूनच दिसेल.

मला माहीत आहे, तू म्हणशील की ‘ज्या गावाला जायचे नाही त्याचा रस्ता कशाला विचारायचा’. तू ती डायरी टेबलावर आपटून पुन्हा उचलून निघून गेलास ते मला तेव्हा पटले नव्हते, आजही पटत नाही. तू थांबायला पाहिजे होतेस. पोळ्याच्या दिवशी माझ्या बैलाच्या पाया पडून माझ्याकडे न बघता गेलास, तेही मी विसरलेलो नाही. ते भांडण आपण समोरासमोर पूर्ण करू, सावजीच्या रश्श्यासोबत, आणि त्याचे पैसे तू देशील.

चाकणला तुझी नाइट शिफ्ट संपली का? मावशींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर कळव. पोरीला इथल्या शाळेपेक्षा तिथली आवडते असे वहिनी म्हणत होत्या, ऐकून बरे वाटले.

डायरीचा एकेक पानाचा फोटो आधी पाठव आणि मूळ डायरी कोणी गावाकडे येणारा असेल त्याच्या हाती दे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीस तरी चालेल, पण पावती जपून ठेव. पंधरा तारखेच्या सोमवारी मी आणि काकाजी यवतमाळला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जाणार आहोत, त्याच्या आधी ती माझ्याजवळ असली पाहिजे. आणि ह्या वेळा मी स्वतः त्या त्या दिवशी लिहिल्या आहेत, असे सांगायला तारीख पडली तर यावे लागेल. रजा मिळते का ते आत्ताच विचारून ठेव.

तुझा,
अमोल