बास देऊन गिटार घ्यायची का?

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीची इलेक्ट्रिक गिटार तू घ्यायची, तुझा बास गिटार तिला द्यायचा, वर पैसे कुणीच द्यायचे नाहीत, असं तुमचं ठरतंय. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो, म्हणून लिहितोय.

गॅदरिंगच्या व्हिडिओत तू कुठेच ऐकू आली नाहीस म्हणतेस. अगं, तो फोनवरच पाहिलास ना? बासची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. चांगले हेडफोन लावून ऐक. तरी पटलं नाही तर पुढच्या तालमीत एक गाणं त्यांना तुझ्याशिवाय वाजवायला सांग आणि समोर बस. डग्गा काढून नुसता तबला वाजवल्यासारखं वाटेल. आधी तुमचा ड्रमर कुरकुरेल, बघ.

ऑर्केस्ट्रात असताना लोक गायकाचं कौतुक करायचे, कीबोर्डवाल्याचं करायचे आणि मला विचारायचे, "तुम्ही नक्की काय वाजवता?" राग यायचा. पण सुपाऱ्या मला जास्त मिळायच्या, कारण गिटारवाले गल्लोगल्ली होते आणि बासवाला शोधावा लागायचा. (तुझी आई अजूनही त्याला "ते ढुमढुम" म्हणते, तो भाग वेगळा.) बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीनेही बास हौसेने घेतला नव्हता. १९६१ मध्ये त्यांचा बासवाला स्टुअर्ट सटक्लिफ याने हॅम्बुर्गला राहायचं ठरवून बीटल्स सोडलं, दुसरं कुणी बास घ्यायला तयार होईना, तेव्हा तो याच्या गळ्यात पडला. तुझ्याही गळ्यात तसाच पडलाय, हे मला माहीत आहे.

पण शेवटच्या ओळीत तू जाता जाता लिहिलंस की पहिल्या फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) करंगळी पोचत नाही आणि मनगट दुखतं. मला वाटतं, खरी अडचण ही आहे. तुझ्या बासच्या तारेची लांबी ३४ इंच आहे. ३० इंचांचा शॉर्ट स्केल बासही मिळतो, तुझ्या हाताला तो बराच सोपा जाईल. अदलाबदल करायचीच तर आधी त्याच्याशी करून बघ. तोवर पट्टा आखूड करून बास वर घे, मनगट कमी मुडपेल. आणि दुखत असताना रेटून वाजवू नकोस.

हे सगळं करूनही गिटारच हवी वाटली, तर खुशाल घे. शिकलेलं वाया जाणार नाही, बासच्या चारही तारा गिटारच्या चार जाड तारांसारख्याच लागतात, फक्त एक सप्तक खाली. मात्र वाद्य हातात घेऊन नीट तपास. मान वाकलीय का, फ्रेट झिजलेत का, आवाजाची बटणं फिरवताना खरखर होते का. आणि ॲम्पचं, म्हणजे ॲम्प्लिफायरचं, आधी बोला. बासच्या ॲम्पवर तुझी गिटार वाजेल, थोडी बोथट वाटेल इतकंच. तिच्या गिटारच्या ॲम्पवर मोठ्या आवाजात बास वाजवला तर स्पीकर फाटू शकतो. म्हणजे तिला नवा ॲम्प घ्यावा लागणार. हे तिला माहीत आहे का? नसेल तर सौदा करण्याआधी सांग.

तुझा,
बाबा