गाडीपासून घाटापर्यंत चालायचं किती, तेवढं तरी आधी सांगा

संपादक साहेब, नमस्कार. तुमच्या पेपरात नाशिकच्या कुंभमेळ्याच्या बातम्या येऊन राहिल्या, रस्ते किती कोटीचे, पूल किती, साधुग्राम केवढं. चांगलंच आहे. पण खेड्यातल्या माणसाला जे पाहिजे ते त्यात कुठंच सापडत नाही, ते म्हणजे गाडी जिथं अडवणार तिथून पाण्यापर्यंत पायदळ किती जायचं. हसू नका, आम्ही प्रयागला यातच मार खाल्ला.

2025 च्या फेब्रुवारीत तूर घरात आली होती, चणा सोंगायला आठ-दहा दिवस होते, म्हणून 8 तारखेच्या रात्री क्रूझर ठरवून अकरा जण निघालो. माघी पौर्णिमा 12 ला होती, त्याच्या आधी आंघोळ करून परत फिरायचं असा हिशोब. मौनी अमावस्येला, 29 जानेवारीला तिथं चेंगराचेंगरी झाली होती, 30 लोकं गेल्याचं सरकारनंच सांगितलं, त्यामुळं घरचे नाहीच म्हणत होते, पण मावशीनं पिशवी भरून दारात ठेवलेली, आता तिला कोण अडवते. जबलपूरपर्यंत मस्त गेलो अन् कटनीच्या अलीकडून जे अडकलो ते काही विचारू नका. त्या जामच्या बातम्या तुम्हीच छापल्या होत्या. डायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा, पुढची गाडी हलली की पोट्टे त्याला हाका मारत पळायचे. तिखट पुऱ्या दुसऱ्या दिवशीच संपल्या, मग चिवडा, मग नुसते फुटाणे. मैहरच्या पुढं एका गावच्या लोकांनी रस्त्याच्या कडेला चूल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला खिचडी वाढली, त्या गावाचं नाव विचारायचं राहून गेलं.

10 तारखेला रात्री नैनीच्या बाजूला एका मैदानात गाडी लावायला लावली. पुढं कोणालाही विचारा संगम किती दूर, उत्तर एकच, बस दो किलोमीटर. दोन झाले, चार झाले, तरी दोनच. भाच्याच्या मोबाईलनं अरैलच्या घाटापर्यंत 11 किलोमीटर दाखवले. वरून रेतीवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, रात्रीच्या दवानं ओल्या, मावशीची चप्पल त्यावर सटकायची, शेवटी चप्पल पिशवीत टाकून ती तशीच चालली.

आता कोणी म्हणेल तीर्थाला जायचं तर चालावं लागतेच. साहेब, मावशीला चालायचं वावडं नाही, ती गजानन महाराजांच्या पालखीसोबत शेगावहून पंढरपूरला पायदळ गेलेली बाई आहे. पण पालखीचं वेळापत्रक आधी छापून येते, आज दुपारी कुठं, रात्री मुक्काम कुठं, त्या हिशोबानं माणूस पाय टाकते, पाणी पिते, गोळी घेते. तिथं पुढं किती उरलं हेच माहीत नाही, म्हणून मावशी बीपीची गोळी 'पोहोचल्यावर घेते' करत पहाटेपर्यंत तशीच राहिली.

आंघोळ मात्र झाली. पहाटे नाव मिळाली, संगमाच्या पाण्यावर पांढरे पक्षी, लोकं त्यांना शेव टाकत होते, नाववाल्यानं दाखवलं ही मातकट गंगा अन् ही हिरवट यमुना. मावशीनं तेलाची पाच लिटरची कॅन भरून घेतली अन् वरून दोन ओंजळी पिऊनही घेतल्या. आठ दिवसांनी पेपरात आलं की तिथल्या पाण्यात मैल्याचे जंतू मर्यादेच्या वर सापडले, तिथल्या सरकारनं ते नाकारलं. कॅन अजून देवघरात आहे, तो विषय घरी काढायचा नाही असं ठरलंय.

परत येताना घाटावरच्या गर्दीत मावशी सुटली. भोंग्यावर एकामागून एक नावं चालूच होती, फलाने की माँ जहाँ भी हो, त्या गलक्यात तिला तिचं नाव काय ऐकू येणार. नंतर कळलं की कोणी गाव विचारलं तर ती नुसतं गावाचं नाव सांगत होती, जिल्हा नाही, राज्य नाही, अन् फोन नंबर तिला पाठ नाही. तीन तासांनी सापडली ती तिच्या बियाण्याच्या हिरव्या पिशवीवरून, भाच्याला लांबून पिशवीच दिसली. सोबतच्या एका बाईला ती पोळ्याला पुरणपोळी कशी करतात ते सांगत बसली होती.

पोळ्यावरून आठवलं. नाशिकचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला, दुसरं 31 ऑगस्टला, म्हणजे श्रावण अमावस्येला, ऐन पोळ्याच्या दिवशी. बैल असलेला शेतकरी त्या दिवशी घर सोडत नाही, म्हणजे आमच्याकडची लोकं पहिल्यालाच जाणार, अन् ते भर पावसात. तिथले घाट काही प्रयागसारखे मोकळ्या रेतीवर नाहीत, रामकुंड तर गल्लीबोळाच्या मधात, 2003 च्या मेळ्यात नाशकात 39 भाविक चेंगरून गेले. नाशिकरोड स्टेशन ते रामकुंडच नऊ-दहा किलोमीटर आहे, त्र्यंबक तर आणखी तिसेक किलोमीटर पुढं, बसा बंद झाल्या तर म्हातारे माणसं काय करतील.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. प्रत्येक पार्किंगचं नाव, तिथून घाटापर्यंत चालायचे किलोमीटर, मधात पाणी अन् संडास कुठं, हे मोठ्या मराठी अक्षरात एका कागदावर छापा अन् महिनाभर आधी एसटी डेपोत, ग्रामपंचायतीत, वर्धा-बडनेऱ्याच्या स्टेशनावर लावा. मोबाईलवरचं ॲप मावशीच्या काही कामाचं नाही. अन् तुम्हीही तो कागद पहिल्या पानावर छापा, आम्ही कापून खिशात ठेवू, मागच्या कोऱ्या जागेवर जिल्हा अन् फोन नंबर लिहून मावशीच्या पिशवीत टाकू.

ती आतापासून विचारून राहिली नाशिकला कधी नेतो म्हणून. मी म्हटलं डवरण, म्हणजे पिकातली कोळपणी, आटोपलं तर 2 तारखेचं बघू.

एक शेतकरी वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ