नाकाचंही विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला झोप, भूक, भास, संशय, व्यसन सगळं विचारलं जातं. वास येतो का, हे माझ्या धाकट्या भावाला इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी विचारलेलं नाही.

हा विषय नवा नाही. वासाच्या संवेदनेचे संशोधक रिचर्ड डॉटी यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४० वासांची चाचणी तयार केली. कागदावरचा ठिपका खरवडायचा, हुंगायचा आणि चार पर्यायांतून वास ओळखायचा. अशा चाचण्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सरासरीने मागे पडतात, हे पुढच्या काळात वारंवार दिसलं. औषधं सुरू होण्याआधीही ही उणीव आढळते, म्हणजे सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांतही ती सौम्य प्रमाणात दिसते. मेंदूच्या चित्रणात वासाचा संदेश पहिल्यांदा जिथे पोचतो तो घ्राणकंद रुग्णांमध्ये सरासरीने लहान आढळला आहे. तिथून हा संदेश थॅलमसच्या, म्हणजे इतर इंद्रियांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या भागाच्या, नाक्यावर न थांबता थेट भावना आणि स्मरणाशी संबंधित भागांत जातो. कदाचित म्हणूनच निरुत्साह, बोथटलेल्या भावना, माणसांतून अंग काढून घेणं या लक्षणांशी वासाच्या उणिवेचा संबंध जास्त जुळतो. भासांवर औषध बऱ्यापैकी चालतं, या लक्षणांवर फारसं नाही.

घरात हे कसं दिसतं ते सांगते. शर्ट बदल, वास येतोय, असं म्हटलं की भाऊ बाही नाकाशी धरतो, नीट हुंगतो आणि म्हणतो, "नाही येत." तो वाद घालत नसतो, त्याला खरंच येत नाही. गॅसवर भांडं करपून धूर होतो, तेव्हा तो शेजारीच उभा असतो. पुष्कळ रुग्णांना आपली ही क्षमता घटल्याचं स्वतःलाच कळत नाही. विचारलं तरी "सगळं ठीक" असंच उत्तर येईल. त्यामुळे नुसता प्रश्न पुरणार नाही, चाचणी लागेल.

आता धोक्याची बाजू. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयात वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका जास्त असलेल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांची वास ओळखण्याची क्षमता आजार उघड होण्याआधीच कमी होती. हे वाचून उद्या कुणी सल्लागार आपल्यापुढे शाळाशाळांतून वासचाचणी घेण्याचा प्रस्ताव ठेवील. कृपा करून तो फेटाळा. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात हाच निकाल आला असं नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हा आजार सुमारे ३०० जणांत एकाला असतो. हजार मुलांची चाचणी घेतली तर त्या दिवशी नुसती सर्दी झालेलीच त्याहून जास्त निघतील! नाकातले पॉलिप, धूम्रपान, डोक्याला मार, कोविड, पार्किन्सन अशा कितीतरी कारणांनी वास जातो. एखाद्या मुलावर 'याला वेड लागणार' असा शिक्का बसला की तो पुसायला आपलं खातं येणार नाही.

माझी मागणी त्यापेक्षा बरीच साधी आहे. मानसोपचार विभागात पहिल्या तपासणीच्या अर्जावर वासाचा रकाना ठेवा आणि छोटी चाचणी उपलब्ध करून द्या. उणीव दिसली तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा, कारण काही कारणांवर सरळ उपचार आहेत. चाचणीतले वास मात्र इथल्या माणसांच्या ओळखीचे हवेत. डॉटींच्या चाचणीत 'रूट बिअर' नावाच्या अमेरिकी पेयाचा वास आहे. तो ज्याने कधी घेतलाच नाही तो चुकला, तर त्याच्या मेंदूबद्दल काय कळणार? हे वास निवडण्याचं आणि निरोगी माणसांवर पडताळण्याचं काम एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावं. धोका जास्त असलेले तरुण जिथे आधीच उपचारासाठी येतात, तिथे त्यांच्या संमतीने ही चाचणी घेऊन काही वर्षं पाठपुरावा करावा. निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करावा.

आणि यातलं एक आजच करता येईल. ज्यांना वास येत नाही त्यांच्या घरी गॅसगळती आणि धुराची सूचना देणारं यंत्र बसवावं, शिळं अन्न तारीख पाहून टाकावं, हे दोन शब्द डिस्चार्जच्या कागदावर छापून द्या. त्याला कुठल्याही समितीची गरज नाही.

आपली,
एका रुग्णाची बहीण