चित्रांना पार्श्वसंगीत नको, स्वतंत्र रचना हवी

महोदय,

चित्रप्रदर्शन आणि वाद्यसंगीत एकाच कार्यक्रमात बांधण्याची कल्पना सुंदर आहे आणि ती नागपुरात रुजावी असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र अशा वेळी कलावंताकडे मागणी होते ती बहुधा एवढीच, की ‘चित्रांच्या मागे काहीतरी हळुवार वाजू द्या’. मग पडद्यावर चित्रे सरकत राहतात, खाली बासरी वाजत राहते आणि दोन्हींकडे कोणाचेच धड लक्ष जात नाही. चित्रमालिकेवर वाद्यरचना करणे हे निराळे काम आहे. ते कसे होते आणि कुठे फसते, हे आयोजकांना आणि नव्या रचनाकारांना कळावे म्हणून हे पत्र.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली रचना मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराची. त्याचा चित्रकार व वास्तुकार मित्र व्हिक्टर हार्टमन 1873 मध्ये वारला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि मुसोर्ग्स्कीने त्यावर पियानोसाठी 10 चित्रांची मालिका लिहिली. तिच्यात प्रेक्षकाच्या चालण्याची एक धून आहे. सुरुवातीला ती एकदा 5 मात्रांची, एकदा 6 मात्रांची अशी पडते. पाऊल नेमके कुठे टेकेल याचा भरवसा नसतो, आणि प्रदर्शनात माणूस चालतो तो असाच. ही धून पुढे पुन्हा येते, पण आधीच्या चित्राचा परिणाम अंगावर घेऊन. आपल्याकडे ‘चारताल की सवारी’ हा 11 मात्रांचा ताल आहेच. चालण्याच्या धुनेला तो घेऊन पाहावा.

त्याच मालिकेत एक बैलगाडी आहे. मूळ हस्तलिखितात ती सुरुवातीलाच दणक्यात वाजते, म्हणजे गाडी थेट अंगावर. 1886 च्या छापील आवृत्तीत रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने ती हळू सुरू करून वाढवत नेली, आणि फ्रेंच संगीतकार राव्हेलने 1922 मध्ये वाद्यवृंदासाठी रचना बांधताना तेच उचलले. आता गाडी लांबून येते. स्वर तेच, फक्त आवाजाची एक खूण बदलली आणि चित्रच पालटले. रचनाकाराने राग कोणता, यावर आठवडे घालवण्यापेक्षा अशा खुणांवर वेळ द्यावा असे आमचे ठाम मत आहे. हार्टमनची बहुतेक चित्रे आज हरवली आहेत, तरी संगीत उभे आहे, हेही ध्यानात घ्यावे.

चित्रासमोर वाद्य घेऊन बसू नये, आधी कागद-पेन्सिल. नजर प्रथम कुठे जाते, तिथून कुठे वळते, कुठे अडते, मोकळी जागा किती, एवढे लिहावे. मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नये. सहा फुटी कॅनव्हास आणि तळहाताएवढे लघुचित्र तिथे एकाच मापाचे दिसतात आणि रचनेचा पसारा चुकतो. नजरेचा मार्ग हा चलनाचा, म्हणजे स्वरांच्या वळणांचा, आराखडा. मोकळी जागा म्हणजे विराम, आणि तो मोजून ठेवावा: चित्राचा एक तृतीयांश भाग रिकामा असेल तर 3 मिनिटांच्या तुकड्यात जवळपास मिनिटभर नुसता तानपुरा किंवा एकच लांबवलेला स्वर राहू द्यावा. वादकांना हे फार जड जाते. रंगाला स्वर वाटून देण्याच्या नादी मात्र लागू नये. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन या दोन्ही रशियन संगीतकारांना सुरांत रंग जाणवत, पण त्यांचे रंग बहुतेक ठिकाणी जुळत नसत.

आपल्या वाद्यांची खरी अडचण पुढेच आहे. सतारीच्या 11 ते 13 तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) प्रत्येक रागाला नव्याने लावायच्या, तर दोन चित्रांमध्ये काही मिनिटे जातात आणि मालिका तुटते. यावर मूर्च्छनेचा, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज दुसऱ्या स्वरावर नेण्याचा, उपाय चांगला. भूप रागाचे पाच स्वर काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) लावून घ्यावेत. आता षड्ज काळी दोनवर नेला की मेघाचे स्वर मिळतात, पांढरी चारवर मालकंसाचे, काळी चारवर दुर्गाचे, काळी पाचवर धानीचे. तरफांना हातही लावायचा नाही. एकाच चित्रकाराच्या मालिकेत रंगांचा संच बहुधा तोच राहतो, त्याला हे साजेसे आहे. अर्थात मूर्च्छनेने फक्त स्वर मिळतात. राग उभा करायचा तो चलनातूनच.

इथे दोन गोष्टी फसतात. पहिली चिकारी, म्हणजे सतारीची षड्ज धरून ठेवणारी बाजूची तार. काळी एकला लावलेली चिकारी मालकंसात कोमल धैवत होऊन सतत घणघणते, म्हणून त्या चित्रात सतारीने चिकारी टाळावी किंवा मुख्य काम व्हायोलिनकडे द्यावे. दुसरा तबला. पाच पट्ट्यांना पाच तबले लागत नाहीत, तीन पुरतात. काळी एकचा तबला भूपाला षड्ज देतो आणि दुर्गाला मध्यम. काळी दोनचा मेघाला षड्ज आणि धानीला मध्यम. पांढरी चारचा मालकंसाला. इलेक्ट्रॉनिक तानपुरे दोन ठेवावेत, एक वाजत असताना दुसरा लावून तयार.

विदर्भात गोंड चित्रे घेऊन काम करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण ढोल आणि बासरी घातली की झाले, असे नव्हे. ही चित्रशैली ज्यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर घडवली ते जनगढ सिंह श्याम परधान समाजातले, आणि परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य त्यांचे. या चित्रांना सूर कुठे शोधायचा, ते यातून कळावे. चित्रातले बारीक ठिपके आणि रेघोट्या पाहून रचनाकार हटकून जलद ठेका लावतात. ते ठिपके आकार भरतात, धावत नाहीत. त्यांची जागा तरफांच्या झंकारात किंवा संतूरच्या मंद, दाट आघातांत. बाह्यरेषा बान्याला किंवा सारंगीला द्यावी.

प्रयोगाच्या जागेबद्दल थोडे. कलादालनात उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असल्याने आवाज घुमतो, द्रुत झाला तर निव्वळ गोंगाट होतो. लय आधीच एक पायरी खाली ठेवावी. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हाने बासरी चढते, तारा उतरतात आणि कूलरच्या ओलसर हवेने तबल्याची पुडी सैल पडते, म्हणजे तिघे तीन दिशांना. कूलर चालू ठेवूनच अर्धा तास आधी त्याच दालनात वाद्ये लावावीत आणि वादन सुरू होताना कूलर बंद करावेत.

आयोजकांकडे आमची मागणी मोठी नाही. मूळ चित्रे रचनाकाराला किमान दोन-तीन महिने आधी प्रत्यक्ष पाहू द्यावीत. 8 चित्रे, प्रत्येकी 3 ते 4 मिनिटे आणि मध्ये चालण्याची धून, असा अर्धा ते पाऊण तासाचा वेळ सलग द्यावा. प्रत्येक चित्र आधी शांतपणे पाहू द्यावे आणि वादन चालू असताना पडदा स्थिर ठेवावा. चित्रावरून सुचलेल्या सुरावटीला परवानगी लागत नसली, तरी चित्र पडद्यावर दाखवायला किंवा ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर छापायला लागते. आपल्या कायद्यात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तेव्हा चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घ्यावी, त्यांना मानधन द्यावे आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव रचनाकाराच्या बरोबरीने, त्याच टायपात छापावे.

– काही वादक व संगीत संयोजक, धरमपेठ, नागपूर