आठही रास्प बार डावेच : बदलून देण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व सुटे भाग विभाग

विषय : जुन्या हार्वेस्टरसाठी चुकीचे सुटे भाग पाठवून ते परत घेण्यास नकार दिल्याबाबत.

महोदय,

आमच्याकडे तुमच्या कंपनीचे २००९ सालचे, १४ फुटी कटर बारचे हार्वेस्टर आहे. दोघा भावांनी मिळून ते जुने घेतले. घरचे सोयाबीन आणि हरभरा काढून झाला की भावकीतल्या आणि शिवारातल्या लोकांचे काम करतो. चालवतो आम्हीच, ग्रीसही आम्हीच भरतो.

यंदा थ्रेशिंग ड्रमचे, म्हणजे मळणीच्या फिरत्या ड्रमचे, रास्प बार (ड्रमवर बसणाऱ्या तिरप्या खाचांच्या लोखंडी पट्ट्या) पार झिजले होते. बार झिजले की शेंग फुटत नाही, मग ड्रमखालची जाळी आवळावी लागते नाहीतर ड्रमच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात, आणि दोन्हींत सोयाबीनची डाळ होते. अडतीवर त्याचा भाव लगेच पडतो. म्हणून हंगामाआधीच तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडे ४ डावे आणि ४ उजवे असे ८ बार मागवले. बिलावर तसेच लिहिले आहे. खोक्यांवरची स्टिकरेही चार डावी, चार उजवी. खोकी उघडली तर आठही बारांच्या खाचा एकाच दिशेला तिरप्या! स्टिकर लावणाऱ्याने आतला माल पाहिलाच नसावा.

हा किरकोळ फरक नाही. डावा-उजवा बार आलटून पालटून बसतो, म्हणून पीक ड्रमच्या पूर्ण रुंदीवर सारखे पसरते. सगळे एकाच बाजूचे बसवले तर सारा माल एका टोकाला ढकलला जातो. तिथली जाळी झिजते, चाळणीवर एकाच अंगाला थर साचतो आणि दाणे भुसकटाबरोबर मागून रानात पडतात. हे तुमच्या इंजिनिअरना मी सांगावे, याचेच नवल वाटते.

विक्रेत्याला दाखवले तर म्हणाला, "बसवून तर बघा, जुन्या मशीनला काय फरक पडतोय?" माझा खरा राग या वाक्यावर आहे. बारांचे पैसे घेताना मशीन जुने नव्हते. नवीन घ्या, असा सल्लाही मिळाला. वर्षातून काही आठवडे चालणाऱ्या मशीनसाठी २५ लाखांच्या आसपासचे कर्ज कोण काढणार?

तोवर आमचे जेएस ३३५ वाणाचे सोयाबीन वाळून उभे होते. हे वाण काढणीला उशीर सोसत नाही, उन्हात शेंगा तडकतात. परतीचा पाऊस तोंडावर, मजूर मिळेनात. शेवटी पंजाबहून आलेले हार्वेस्टर भाड्याने लावले, तेही आमचा नंबर लागेपर्यंत बरेच दाणे जमिनीवर सांडल्यावर.

तुमच्या ई-मेलमध्ये दोन कारणे दिली आहेत. पहिले, खोके उघडले म्हणून माल परत घेता येत नाही. खोके न उघडता आतला बार कसा दिसणार? दुसरे, मशीन भाड्याने चालते म्हणून आम्ही 'ग्राहक' नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(७) स्पष्टीकरणासह वाचावे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त मोडत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) उपक्रमात शेती अवजारेही आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

चार डावे बार परत न्यावेत आणि चार उजवे स्वतःच्या खर्चाने पाठवावेत. समोरासमोर बसणाऱ्या बारांचे वजन जुळलेले असावे, नाहीतर ड्रम थरथरून बेअरिंग खातो. या मॉडेलचे पार्ट बुकही द्यावे, विक्रेत्याकडे ते नाही. आणि सुटे भाग पुढे किती वर्षे मिळणार, हे लेखी कळवावे. बंद करणार असाल तर तसे सांगा, आम्ही आत्ताच साठा करून ठेवू. भाड्याच्या हार्वेस्टरची पावती जोडली आहे, ती रक्कमही भरून मिळावी.

हरभरा फेब्रुवारीत काढणीला येतो. बार जानेवारीअखेर पोहोचले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपला,
एक हार्वेस्टर मालक
ता. औसा, जि. लातूर

सोबत : बिलाची प्रत, आठही बारांचे व स्टिकरांचे फोटो, तुमचा ई-मेल, भाड्याची पावती.