नानांच्या आंघोळीबद्दल ताईला

हॅमिल्टन, ऑन्टारिओ

प्रिय ताई,

सा. न. घोडबंदर रोडवरच्या नानांच्या वृद्धाश्रमातून तू पाठवलेला फोटो पाहिला. नाना खुर्चीत बसलेत, बरं वाटलं. पण दाढीची खुंटं आणि वाढलेली नखं डोळ्यांत खुपली. ‘आंघोळीला नेलं की अंगावर येतात,’ असं तिथल्या मावशी म्हणतात ना, त्यावर लिहितो. फोनवर तू नेहमी घाईत.

इथे माझी रोजीरोटीच ही. २०२१च्या कायद्याखालचा इथला नियम असा, की नर्सिंग होममधल्या, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना कायमचं सांभाळणाऱ्या घरातल्या, प्रत्येकाला आठवड्यातून निदान दोनदा आंघोळ घालायचीच. टबात, शॉवरखाली की अंथरुणावर पुसून, ते ज्याचं त्याने सांगायचं. दोनदाच! तू नाक मुरडशील. पण तोंड, काखा, जांघा, बैठक आम्ही रोज पुसतो. तेव्हा नानांनी रोज डोक्यावरून पाणी घ्यावं हा हट्ट आपणही सोडू.

नाना तापट आहेत, कबूल. पण अनोळखी बाई दार न वाजवता आत येऊन लेंगा सोडू लागली तर कोण गप्प बसेल? त्यांच्यासाठी मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, मागून घे. आधी विचारायचं, टॉवेल पांघरायचा, धुवायचा तेवढाच भाग उघडा करायचा. पहिला तांब्या पायांवर. पाणी किती गरम ते डाव्या हाताला लावून त्यांनाच विचारायचं. लुळ्या उजव्या बाजूला चटका बसलेला कळत नाही. सदरा घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा. एवढ्यानेच निम्मी झटापट संपते.

पुसताना माकडहाड आणि टाचा बघायला सांग. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे पडून-बसून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समज. सिस्टरना लगेच दाखव. त्या डागावर खोबरेल चोळायचं नाही. मावशी मायेनेच चोळतात गं, पण आतली कातडी आणखी दुखावते. ठाण्याच्या घामात जांघा, काखा, पायाची बोटं टिपून कोरडी हवीत. वर पावडर थापली की तिचे ओले गोळे होतात, ते काचतात.

शुगर असल्यामुळे पायाची नखं न्हाव्याकडून नकोत, डॉक्टरांना विचार. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून ब्लेडही नको; गोखले रोडवरून इलेक्ट्रिक शेव्हर घे, पैसे मी पाठवतो. कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. जेवणानंतर उजव्या गालात घास अडकून राहतो, तो बघायचा. ठसका मला त्याचाच वाटतो.

रविवारी मामांना भेटशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव, शेव्हर कसा धरायचा ते दाखवतो. मिशीला मात्र कुणी हात लावायचा नाही म्हणावं.

तुझा,
बाळ्या